वाहता कान, दुखता घसा आणि बालकाचा श्वास

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यान)



“लहानपणी सगळ्यांचेच कान वाहतात, मोठेपणी आपोआप थांबतात,” हे वाक्य चंद्रपूर-गडचिरोलीकडील अनेक घरांतून आजही ऐकू येते. त्यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. पुष्कळ बालकांचा कान खरोखरच थांबतो. ज्यांचा थांबत नाही, त्यांचे नुकसान सावकाश व निमूटपणे होत जाते. ताप हाताला लागतो, खोकला साऱ्या घराला ऐकू येतो. पण मुलाला कमी ऐकू येऊ लागले आहे ही गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही. ते मूल हट्टी ठरते, मंद ठरते, शाळेत मागे पडते. त्याचे कारण दोन वर्षांपूर्वीच्या एका दुर्लक्षित सर्दीत असेल अशी शंकाही कोणाला येत नाही.

कानाचे दुखणे बहुधा नाकातून सुरू होते. नाकाच्या मागील पोकळीपासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. तिला कंठकर्णनलिका म्हणतात. मोठ्या माणसात ती लांब व उतरती असते. बालकात ती आखूड, रुंद आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दीतील जंतू व चिकट स्राव सहजपणे कानापर्यंत पोहोचतात. नाकामागील ॲडिनॉइड ग्रंथी सुजल्या म्हणजे या नळीचे तोंडच बंद होते आणि मधल्या कानात पाणी साचते. सहा महिने ते दोन वर्षे या वयात कान ठणकण्याचे प्रमाण अधिक दिसते ते यामुळेच. आंघोळीचे पाणी कानात गेले म्हणून कान फुटला, अशी आईची किंवा दाईची चूक काढली जाते. ती बहुतेक वेळा निराधार असते. पडदा शाबूत असेल तर बाहेरचे पाणी मधल्या कानात जाऊच शकत नाही. एकदा पडद्याला छिद्र पडले म्हणजे मात्र पाणी खरोखर शत्रू ठरते, आणि तलावात डुंबणाऱ्या मुलांचा कान पावसाळ्यात पुन्हा पुन्हा वाहू लागतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे प्रतिबंधाची दिशा आपोआप स्पष्ट होते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हे कानाचेही संरक्षण आहे. बाळाला सपाट निजवून बाटलीने दूध पाजू नये; डोके थोडे उंच असावे. नाक शिंकरताना एकेक नाकपुडी हलकेच मोकळी करण्यास मुलांना शिकवावे. दोन्ही बाजू दाबून जोराने शिंकरले तर स्राव कानाकडे ढकलला जातो.

धुराचा विचार या भागात विशेषत्वाने करावा लागतो. जंगलपट्टीतील गावांत थंडीच्या दिवसांत चूल आणि शेकोटी एकाच खोलीत धुमसत असते, आणि तान्हे बाळ त्याच खोलीत असते. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या भागात कोळशाच्या धुळीची भर पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली चंद्रपूरचा समावेश देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केला होता. हवा एका कुटुंबाला बदलता येत नाही, चुलीजवळचे पाळणे मात्र हलवता येतात. आणि विडीचे काय? तेंदूपानावर या दोन्ही जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांचे उन्हाळ्यातील उत्पन्न अवलंबून आहे, हे मान्यच आहे. परंतु त्या पानाची विडी बाळाच्या खाटेशेजारी बसून ओढण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

आता वाहत्या कानाकडे वळू. बाळाला सर्दी होते, दोन दिवसांनी ताप चढतो, ते रात्रभर किंचाळून रडते, कान ओढते, दूध तोडते. पहाटे उशीवर पिवळा डाग दिसतो आणि बाळ शांत झोपी जाते. घरच्यांना हायसे वाटते. वास्तविक त्या वेळी कानाचा पडदा फुटलेला असतो आणि आतील दाब निघून गेल्यामुळे वेदना थांबलेली असते. डॉक्टरांकडे जाण्याची खरी वेळ हीच. या अवस्थेत योग्य औषध पूर्ण दिवस दिले आणि कान कोरडा ठेवला, तर बहुतेक पडदे आपणहून भरून येतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ पू येत राहिला, तर दुखणे जुनाट झाले असे समजतात. तेथे पोटात घेण्याच्या औषधांपेक्षा कान कोरडा करणे व डॉक्टरांनी दिलेले कानातील थेंब यांचाच उपयोग अधिक होतो.

कान कोरडा करण्याची रीत साधी आहे, तरी ती नीट समजून घ्यावी, कारण निम्मा उपचार तिच्यातच आहे. धुऊन उन्हात वाळवलेल्या मऊ सुती कापडाचा तुकडा घ्यावा आणि बोटांनी पिळून निरांजनाच्या फुलवातीसारखी टोकदार वात करावी. काडीला कापूस गुंडाळू नये. काडी आत टोचते आणि कापूस आत राहतो. मुलाचा कान हळूच मागे ओढून वात सहज जाईल तेवढीच आत ठेवावी, ओली झाली की काढून टाकावी आणि नवी ठेवावी. वात कोरडी निघेपर्यंत हे करावे. दिवसातून किमान तीन वेळा, आणि कान पूर्ण कोरडा होईपर्यंत रोज. थेंब दिलेले असतील तर ते कान कोरडा केल्यानंतरच घालावेत, नाहीतर ते पुवावर तरंगून बाहेर येतात. यास खर्च काहीच नाही. लागते ती चिकाटी, आणि ती आठ-पंधरा दिवस टिकवणे हेच कठीण जाते.

वाहत्या कानात तेल मात्र कधीही घालू नये. लसूण वा ओवा घालून कढवलेले तेल, झाडपाल्याचा रस, आईचे दूध, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही नको. छिद्र पडलेल्या पडद्यातून ते थेट मधल्या कानात जाते. कानामागे दुखरी सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणे, मान ताठणे, सारख्या उलट्या, झटके, ग्लानी, किंवा तोंड एका बाजूस वाकडे होणे, यांतील एकही चिन्ह दिसल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. पू थोडाच पण दुर्गंधीयुक्त असेल, तर हाड पोखरणारा प्रकार असू शकतो. त्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी अनिवार्य आहे.

किराणा व धान्याची दुकाने असणाऱ्या घरांत मुले कानात वा नाकात हरभरा, वाटाणा, तुरीचा दाणा घालून बसतात. दाणा पाण्याने फुगतो, म्हणून पाणी घालून तो काढण्याचा प्रयत्न करू नये. चिमट्याने तो आणखी आत जातो. खेळण्यातील वा घड्याळातील चपटी बॅटरी असेल तर ती काही तासांत आतील त्वचा जाळते, तेव्हा क्षणाचाही विलंब नको. जिवंत किडा शिरला असेल तर अंधाऱ्या खोलीत कानाशी विजेरी धरून पाहावे; कधी कधी तो उजेडाकडे स्वतःच बाहेर येतो. मुलाची सुटका होते आणि जीवहिंसाही टळते!

घशाविषयी थोडक्यात. मुलांचा बहुतेक घसा विषाणूंमुळे दुखतो. नाक वाहते, खोकला असतो, आवाज बसतो आणि चार-पाच दिवसांत सारे ओसरते. त्यास प्रतिजैविकांची गरज नसते. मात्र पाच ते पंधरा वर्षांच्या मुलास खोकला नसताना एकाएकी जोराचा ताप, गिळताना तीव्र वेदना, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी असतील, तर तो स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा विकार असू शकतो. त्यातून पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन गटातील औषध सुरू झाले तर हे टळते. पण डॉक्टरांनी दहा दिवसांचे औषध दिले असता तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून ते बंद करणे, ही सुशिक्षित घरांतही आढळणारी चूक आहे.

घशात राखाडी, चिकट पापुद्रा आणि मान सुजलेली दिसली तर घटसर्पाचा संशय घ्यावा. हा रोग संपलेला नाही, लसीमुळे दबलेला आहे. 6, 10 व 14 आठवड्यांच्या मात्रा बहुतेक पालक देतात. 16 ते 24 महिन्यांची आणि 5 ते 6 वर्षांची वर्धक मात्रा मात्र विसरतात. न्यूमोकॉकसची लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली आणि 2021 पर्यंत देशभर पोहोचली. न्यूमोनियाबरोबरच काही प्रमाणात कानाच्या दुखण्यालाही तिच्यामुळे आळा बसतो.

खोकल्याच्या औषधांविषयी सावध करणे आवश्यक आहे. नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपमुळे वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणले होते. त्या वेळी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देऊ नयेत. मग द्यावे काय? सहा महिन्यांखालील बाळास आईचे दूध, अधिक वेळा. मोठ्या मुलास कोमट पाणी, वरणाचे वा मुगाचे पातळ पाणी, गुळाबरोबर चिमूटभर सुंठ, हळद घातलेले दूध. वैद्यकात एक वर्षावरील मुलांना मध सुचवतात; ज्या घरांत मध आणि आले वर्ज्य आहे त्यांनी त्याची चिंता करू नये, त्यांच्यावाचून खोकला अडून राहत नाही.

खोकल्याचा प्रश्न आला की गडचिरोलीचे नाव जगाच्या वैद्यकीय इतिहासात येते, आणि ही हकिकत या सभागृहात सांगितली जावी अशीच आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ संस्थेचे कार्य आरंभले. बालमृत्यूंचे मोठे कारण न्यूमोनिया, अर्थात लोकभाषेतील डबा, असल्याचे त्यांना आढळले. डॉक्टर दूर होते. म्हणून त्यांनी आरोग्यसेवकांना आणि गावातील दाईंना न्यूमोनिया ओळखून औषध देण्याचे शिक्षण दिले. निदानाची खूण एकच: मिनिटातील श्वासांची संख्या. पण निरक्षर दाईने पन्नासपर्यंत मोजावे कसे? त्यासाठी त्यांनी मण्यांचे एक श्वासमापक बनवले. सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर तो न्यूमोनिया. 58 गावांत या पद्धतीने 612 रुग्णांवर उपचार झाले व मृत्यूचे प्रमाण शेकडा 0.8 इतके राहिले. तुलनेसाठी घेतलेल्या 44 गावांत ते शेकडा 13.5 होते. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या वेळचे औषध आता बदलले आहे. श्वास मोजण्याची रीत मात्र जगभर तीच आहे.

ती प्रत्येक घराला यावी. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, पोटावरील कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास भरले तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, शांत मुलाच्या श्वासातून घरघर येत असेल, लाळ गळत असेल वा दूध पिणे थांबले असेल तर तात्काळ रुग्णालय. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे 200 किलोमीटर दूर आहे, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी अनेक पावसाळ्यांत आली आहे. अशा ठिकाणी सकाळी मोजलेला श्वास आणि संध्याकाळी मोजलेला श्वास यांत एका जिवाचे अंतर असू शकते. हेमलकशास 1973 पासून चालू असलेला लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना त्या परिसराचा आधार आहे, परंतु तेथवर पोहोचायचेही वेळेतच असते.

शेवटी पुन्हा कानाकडे. पू थांबला म्हणजे ऐकणे पूर्ववत झाले असे नसते. पडद्यामागे न दुखणारे, चिकट पाणी आठवडेच्या आठवडे राहू शकते. मूल दूरदर्शनचा आवाज वाढवते, हाकेला ओ देत नाही, “काय?” असे वारंवार विचारते, वर्गात भलतेच उत्तर देते. अशा मुलास रागावण्यापूर्वी त्याच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात नाव घेऊन पाहावे. तीन महिन्यांनंतरही कमी ऐकू येत असेल तर श्रवणचाचणी करून घ्यावी. चंद्रपूरला 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्यांत व शासकीय शाळांत तपासणीस येतात, आणि त्यांच्या यादीत कानाचे दुखणे व बहिरेपणा या दोहोंचा समावेश आहे. दुकानात, गिरणीवर, घरकामास येणाऱ्या कुटुंबांतील मुलांची नावे त्या दिवशी त्या यादीत आहेत ना, एवढी चौकशी मालकास करता येते. आणि चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत त्या मुलास वर्गात पहिल्या बाकावर, बऱ्या कानाची बाजू गुरुजींकडे राहील अशा रीतीने बसवण्याची विनंती शाळेस करावी.

जय जिनेंद्र.