हडपसर, १८०२ : न धरलेल्या वाटा



 या परिषदेत आज मला बोलायचं आहे ते पुण्याच्या वेशीवर झालेल्या लढाईबद्दल. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळी. हडपसरच्या माळावर एकीकडे यशवंतराव होळकर, समोर शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा. दोन्हीकडे मराठे सरदार, दोन्हीकडे युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कवायती पलटणी.

इतिहासात जर-तरला थारा नाही, असं आपण विद्यार्थ्यांना सांगतो. आणि चहाला बसलो की पानिपतावर भाऊसाहेबांनी मल्हाररावांचा सल्ला ऐकला असता तर काय झालं असतं, यावर तासन् तास वाद घालतो. मला वाटतं, हा प्रश्न चहापुरता राहू नये. सेनानीपुढे त्या दिवशी किती वाटा होत्या हे कळल्याशिवाय त्याने धरलेल्या वाटेचं मोल करता येत नाही. अट एकच. आपण सुचवतो ती वाट त्याला तेव्हा दिसत होती, याला पुरावा हवा.

रोमच्या यादवीच्या अभ्यासात हे सतत होतं. इ.स.पू. ४९ मध्ये सीझर चाल करून आला तेव्हा पाँपेने रोम सोडलं, समुद्र ओलांडला आणि ग्रीसमध्ये मोठी फौज उभारली. सीझरची रसद तोडून त्याला झिजवायचं, हा त्याचा बेत होता. सोबतच्या सिनेटरांना मात्र घाई झाली होती. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये फार्सालसच्या मैदानात पाँपेने लढाई दिली आणि सर्वस्व गमावलं. त्याऐवजी इटलीत परत उतरावं, असा सल्ला त्याचा सेनानी अफ्रानियस याने दिला होता. प्लुटार्कने तो नोंदवून ठेवला आहे. म्हणून त्या पर्यायाची चर्चा ही केवळ कल्पना राहत नाही.

आता पुण्याकडे येऊ. १८०१ च्या एप्रिलमध्ये पेशवे दुसरे बाजीराव यांनी यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. दुसरे दिवंगत भाऊ मल्हारराव (पानिपतावरचे नव्हेत) यांचा लहानगा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या कैदेत होता. पुतण्याची सुटका आणि घराण्याचा मुलूख परत, या यशवंतरावांच्या मुख्य मागण्या होत्या. त्या मान्य करणं ही पेशव्यांपुढची पहिली वाट होती, आणि तिला एक तोफही लागली नसती.

दुसरी वाट लष्करी होती. ८ ऑक्टोबरला बारामतीजवळ होळकरांचे सरदार फत्तेसिंग माने यांनी पेशव्यांची फौज उधळली, तेव्हाच धोका उघड झाला होता. पुण्याला तटबंदी नव्हती, पण सिंहगड आणि पुरंदर हाताशी होते. दौलतराव शिंदे स्वतः उत्तरेत होते. दिवस काढले असते तर कुमक येण्याची आशा होती आणि होळकरांच्या अफाट घोडदळाला दाणावैरण जड गेली असती. तरीही शिंद्यांचे सेनापती सदाशिवराव बक्षी उघड्या माळावर उभे राहिले. घोडदळात वरचढ असलेल्या शत्रूला मोकळं मैदान देणं, हा निर्णय मला आजही समजत नाही.

तरी लढाई एकतर्फी झाली नाही, हे मुद्दाम सांगतो. शिंद्यांकडच्या कॅप्टन डॉजच्या पलटणी, त्यांची कवायती फौज उभारणाऱ्या डी बॉइनच्या जुन्या शिस्तीतल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. होळकरांचे स्वार मागे फिरू लागले. तेव्हा यशवंतरावांनी त्यांना स्वतः वळवलं आणि पुढे होऊन थेट तोफांवर घोडे घातले. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. डॉज पडला, होळकरांकडचा युरोपीय अधिकारी हार्डिंगही पडला. बाजीराव सकाळी रणाच्या दिशेने निघाले होते. तोफा ऐकून ते वळले आणि सिंहगडाकडे गेले.

माझ्या मते खरी चूक यानंतरची, आणि ती जिंकणाऱ्याची. धनी हातातून निसटला तर मैदान मारून काय उपयोग? कोकणात उतरणारे घाट त्याच संध्याकाळी रोखायला हवे होते. यशवंतराव मात्र बाजीरावांना परत येण्याची विनंती करत राहिले. पेशव्यांना बळाने धरलं तर आपण स्वामीद्रोही ठरू, हे भय त्यामागे असावं, आणि ते मला क्षुद्र वाटत नाही. पण कोकणात फौज गेली तोवर फार उशीर झाला होता. बाजीराव रायगड, महाड, सुवर्णदुर्ग करत इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोचले. ३१ डिसेंबरला तिथे इंग्रजांशी तह झाला. पाँपेने राजधानी सोडली ती फौज उभारायला; बाजीरावांनी सोडली आणि कंपनीची फौज कायमची घरात घेतली.

१८०३ मध्ये दौलतराव आणि रघूजी भोसले यांनी होळकरांना इंग्रजांविरुद्ध सोबत घेण्याची खटपट केली. ते आले नाहीत, आणि २३ सप्टेंबरला असईला त्यांच्याविना इंग्रजांशी लढाई झाली. पुढच्याच पावसाळ्यात याच यशवंतरावांनी इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पिटाळलं. पाऊस, चिखल, फुगलेल्या नद्या आणि पाठीवर सतत स्वार. ही विद्या त्यांच्याकडे होतीच. ती असईच्या आधी शिंद्यांच्या तोफखान्याला जोडली गेली असती तर? मध्ये विठोजींचा मृत्यू आणि शिंद्यांच्या फौजेने उद्ध्वस्त केलेलं इंदूर उभं होतं, हे मी विसरत नाही.

म्हणून या परिषदेकडे माझी एक मागणी आहे. २५ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळाची रोजची नोंद आपण मिळून तयार करावी : कोण कुठे होतं, कोणती बातमी कोणाला कधी पोचली. पुण्याच्या इंग्रज रेसिडेंट क्लोजची पत्रं छापील आहेत. त्यांच्या शेजारी पेशवे दफ्तरातले कागद ठेवून वाचावेत. आणि होळकरांच्या सरदारांच्या घराण्यांतून जे मोडी रुमाल अजून न सोडता पडून आहेत, ते तरुण मोडी वाचकांच्या हाती द्यावेत. बाजीराव सिंहगडावर आहेत ही बातमी यशवंतरावांना नेमकी कधी कळली, हे शोधण्यापासून सुरुवात करू या.