घोटीची आडवी बाटली



ताम्रपट वाचायला लिपी यावी लागते, नाणे वाचायला राजांची नावे पाठ असावी लागतात. काचेची बाटली वाचायला मात्र बोट आणि उजेड एवढेच पुरते. बाटलीचे नाव काढताच मागच्या रांगेत हशा पिकला, तो पिकू द्या. आजची आपली बाटली सोड्याची आहे, आणि ती याच गावच्या जमिनीतून निघाली आहे.

एका घराचा पाया खणताना ती सापडली. काच जाड, रंग फिकट निळसर हिरवा आणि बूड अंड्यासारखे गोल. टेबलावर ठेवावी तर लोळते. घरमालकांच्या मनाने घेतले की ही पेशवाईतली अत्तराची कुपी. मुंबईहून जुन्या वस्तूंचे एक व्यापारी आले आणि त्यांनी भरघोस रक्कम बोलली. अट एवढीच, की कोणा जाणत्याने 'पेशवेकालीन' असे दोन ओळींत लिहून द्यावे. त्या दोन ओळी आमच्याकडे मागण्यात आल्या. बांधकाम पैशावाचून अडलेले, तेव्हा गरज खरी होती. आम्ही बाटली मागून घेतली.

प्रथम आकार पाहू. सोडा म्हणजे दाबाने पाण्यात कोंडलेला कार्बन डाय-ऑक्साइड. जुन्या काळी त्यावर बूच बसवीत. बाटली उभी ठेवली की बूच वाळते, आकसते आणि फटीतून वायू निसटतो. आडवी ठेवली तर बूच भिजलेले राहते. पण दुकानदाराला रोज कोण सांगणार? म्हणून जी उभी राहूच शकत नाही अशी बाटली करण्यात आली. विल्यम हॅमिल्टन याच्या 1809 च्या पेटंटात या लांबट अंडाकृती बाटलीचे वर्णन आहे. अत्तराचा प्रश्न येथेच मिटला. पण पेशवाई बुडाली 1818 मध्ये. म्हणजे नऊ वर्षांची फट उरली, आणि घरमालकांनी ती बरोबर हेरली!

मग आम्ही बोट फिरवले. बाटलीच्या दोन्ही अंगांना साच्याच्या शिवणी लागतात. त्या मानेपर्यंत चढतात आणि ओठाच्या खाली पुसल्या जातात. अर्थ असा, की अंग साच्यात फुंकले आणि ओठ मागाहून हाताने काच लावून घडवला. अमेरिकेतील मायकेल ओवेन्स याचे पूर्ण स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमारास आले. त्या जातीच्या यंत्रातून निघालेल्या बाटलीची शिवण थेट ओठावरून जाते. तेव्हा ही बाटली हातकामाची. दुसरी खूण बुडाशी. पूर्वी तोंड घडवताना बाटली बुडाला चिकटवलेल्या लोखंडी सळईवर धरीत, आणि सळई तोडली की तेथे खरबरीत वण राही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बूड चिमट्यात धरण्याची रीत रुळली आणि वण नाहीसा झाला. आपल्या बाटलीला तो वण नाही. नऊ वर्षांची फट अशी बुजली.

अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरे आहेत. बरीचशी झिजली आहेत, पण 'बॉम्बे' एवढे स्वच्छ वाचता येते. म्हणजे सोडा मुंबईत भरला. काच कोठली? तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 चा, ओगल्यांचा 1916 चा. त्यापूर्वी आपल्याकडे सोडेवाले आपले नाव घातलेल्या बाटल्या विलायतेहून मागवीत. आमचा कौल इंग्लंडकडे आहे.

आता ती येथे आली कशी? थळ घाटातून इगतपुरीपर्यंत आगगाडी सुरू झाली 1 जानेवारी 1865 रोजी. इगतपुरीला रेल्वेच्या गोऱ्या नोकरांची वस्ती झाली, पलीकडे देवळालीची छावणी. एवढे जड काचसामान पेट्यापेट्यांनी घाट चढले ते गाडीनेच, असे आम्हाला वाटते. पुढे हायरम कॉड याची गोटीची बाटली 1872 च्या सुमारास निघाली. ती फोडून गोट्या काढणारे या सभेतही असतील, घोटीत गोटी व्हायचीच! 1892 मध्ये विल्यम पेंटर याने पत्र्याच्या दातेरी बुचाचे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आडव्या बाटलीची सद्दी संपली. म्हणून आम्ही लिहून दिले: 'सोड्याची बाटली, 1865 ते 1915 च्या दरम्यानची.'

व्यापाऱ्यांनी चिठ्ठी वाचली, रक्कम रद्दीच्या भावाला आणली आणि घरमालकांनी नकार देताच ते गेले. घरमालक आमच्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्यांचा राग आम्हाला समजतो, पण खोटे लिहिले असते तर घोटीची ही एकच खरी गोष्ट पेशव्यांच्या नावावर जमा होऊन कोणाच्या तरी कपाटात गेली असती.

एक सावधगिरी मात्र हवी. बाटली घडली केव्हा आणि पुरली गेली केव्हा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या घरांत बाटली कधी टाकत नसत. सोडा संपला की तीत रॉकेल, मग एरंडेल. सपाट बुडाची असली तर कंपाउंडरकडे जाऊन डोसाची कागदी पट्टी चिकटवून परत येई. म्हणून अशी वस्तू सापडली तर चिंचेने, राखेने घासू नका. किती हात खोल मिळाली, शेजारी खापर होते, नाणे होते की कोळसा, हे त्याच दिवशी टिपून ठेवा. आणि शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू कोणी परदेशी पाठवतो म्हणाला, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याची त्याला आठवण द्या.