तीन ग्लास आणि एक वही

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने शाळेनंतर शिकलेली एक गोष्ट सांगायची, असं ठरलंय. मी बिअरबद्दल सांगणार आहे. बाई, लगेच अंगठे धरायला लावू नका. विषय तुमच्याच रसायनशास्त्राचा आहे.

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं म्युनिकला होते. सुट्टीत प्लझेन आणि कोपनहेगनही पाहिलं. तिन्हीकडे लागर चाखली. लागर म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवून, काही आठवडे साठवून ठेवलेली बिअर. जर्मनमध्ये ‘लागर’ म्हणजे कोठार.

प्लझेनची लागर सोनेरी, जिभेवर स्वच्छ कडवटपणा ठेवणारी. तिथलं पाणी अगदी मृदू, क्षार फारच कमी. म्हणून हॉप्सच्या फुलांचा कडूपणा बोचत नाही. म्युनिकचं पाणी कठीण. तिथे पूर्वी गडद भाजलेल्या सातूची बिअर चांगली जमायची, कारण त्या सातूचा आंबटपणा पाण्याला सावरून घ्यायचा. तिथली फिकट ‘हेलेस’ आली १८९४ साली. तिच्यात कडवटपणा कमी, ताज्या पावासारखी गोडी जास्त. कोपनहेगनला प्यायले ती मला सगळ्यांत हलकी वाटली.

सवयीप्रमाणे मी तक्ता केला: रंग, चव, पाणी. फरकच फरक! मग इतिहास वाचला. प्लझेनमध्ये १८४२ साली पहिली सोनेरी लागर बनवली ती बव्हेरियाहून बोलावलेल्या योझेफ ग्रोलने. डेन्मार्कच्या याकोबसेनने १८४५ साली यीस्ट आणलं तेही म्युनिकहूनच. तेव्हा यीस्टमध्ये नको ते जंतू मिसळून घाणेच्या घाणे बिघडत. १८८३ मध्ये याकोबसेनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने शुद्ध यीस्ट वेगळं केलं. कार्ल्सबर्गने ते कुलपात ठेवलं नाही, प्रतिस्पर्ध्यांनाही दिलं. आपल्याकडे विरजण बिघडलं की वाटी घेऊन शेजारी जातो ना, तसंच. माझ्या तक्त्यात या देण्याघेण्याचा रकानाच नव्हता.

हे वाचलं आणि मला दहावीचा वर्ग आठवला. पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशी एका मैत्रिणीने माझी रसायनशास्त्राची वही मागितली होती. मी म्हटलं, “हरवली.” वही दप्तरातच होती. पहिल्या नंबरासाठी आमची चुरस होती. नंबर माझा आला. ती पुढे कधी काही बोलली नाही, आणि मीही नाही.

आज ऑफिसात नवीन मुलं काही विचारायला आली की मी हातातलं काम बाजूला ठेवते. माझ्या परीने ती फेड आहे. पण जिची होती तिच्याकडे ती पोचली नव्हती.

ती आज इथे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही. अगं, मी तुझी माफी मागते. वही आईने माळ्यावर जपून ठेवली होती, ती घेऊन आले आहे. पानं पिवळी पडलीत. जेवताना माझ्या शेजारी बस, आपण दोघी मिळून बघू.