बोटीचा कागद आणि खलाशाचं नाव

(विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी डहाणूकडच्या एका पाड्यावरची. माझे बाबा वीसेक वर्षं गुजरातच्या बोटींवर खलाशी होते. आमच्या पालघर जिल्ह्यातली आदिवासी माणसं उचल घेऊन ओखा, पोरबंदर, वेरावळला जातात आणि आठ-नऊ महिने समुद्रावर राहतात. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून पाड्यावरचे, बंदरावरचे अर्ज माझ्याकडे येतात. तुमच्याकडेही येत असतील.

मासेमारी परवान्याचे कागद कमी करा, ही मागणी मला मान्य आहे. बोटीची नोंदणी वेगळी, परवाना वेगळा, विमा वेगळा, डिझेलच्या सवलतीसाठी पुन्हा सोसायटीमार्फत अर्ज. दर वेळी तेच आधार, तेच इंजिनचं बिल, बोटीचा तोच फोटो. चार ट्रॉलर असलेल्या मालकाकडे हे बघायला माणूस असतो. एका लहान होडीवाल्याचा दिवस बुडतो, नाहीतर तो एजंटला पैसे देतो.

सरकारने काही केलं नाही असं नाही. नोंदणी आणि परवान्यासाठी 'रिअलक्राफ्ट' पोर्टल आलं. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने किनाऱ्यापासून 12 ते 200 सागरी मैलांच्या पट्ट्यासाठी नवे नियम काढले. यांत्रिक आणि मोठ्या मोटर बोटींना तिथे जायला ॲक्सेस पास लागतो. तो याच पोर्टलवर, फुकट आणि कमीत कमी कागदांवर मिळतो. पारंपरिक आणि लहान होड्यांना पासच लागत नाही. चांगली गोष्ट आहे.

पण पास बोटीला मिळतो. नोंदणी, परवाना, विमा, डिझेल, सगळं बोटीच्या आणि मालकाच्या नावावर. खलाशी कागदावर येतो तो बहुतेक सुरक्षेपुरता. 26/11 चे हल्लेखोर पोरबंदरची 'कुबेर' बोट पळवून मुंबईत आले, त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं मिळाली. त्या कार्डावर तो कोण ते आहे. कोणाच्या बोटीवर, किती पगारावर, किती उचल घेऊन, हे नाही.

मी आठवीत असताना बाबांची बोट पाकिस्तानने पकडली. गुजरातेत प्रत्येक फेरीआधी टोकन घ्यावं लागतं, त्यात खलाशांची नावं असतात. ज्याचं नाव होतं तो आजारी पडला, म्हणून ऐन वेळी बाबा चढले. नाव कोणी बदललंच नाही. आम्हाला कळलं ते दुसऱ्या खलाशाच्या पत्रातून, चार महिन्यांनी. मग पोलीस पडताळणीला आले. रेशनकार्डावर बाबांचं एक नाव, मतदार यादीत दुसरं. हा माणूस त्या बोटीवर होता याचा पुरावा काय, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "घरात नाही, हाच पुरावा." ते काही त्यांनी लिहून घेतलं नाही.

दोन्ही देश 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, 2008 च्या करारानुसार. आम्ही अशा किती याद्या पाहिल्या! बाबा अडीच वर्षांनी वाघ्यावरून परत आले. मालकाने तेवढ्या काळाचा पगार दिला नाही. कामावर होता असं कुठे लिहिलंय, म्हणाला. उचल मात्र त्याच्या वहीत नीट लिहिलेली होती.

बोटमालक बहुतेक खारवा, कोळी, म्हणजे आपल्यासारखेच मागास. त्यांना कर्ज असतं, पकडलेली बोट सहसा परत मिळत नाही, हे मला कळतं. म्हणून मालकाचे पाच कागद एकावर आणा, मी सही करते. त्याच अर्जात एक पान खलाशांचं असू द्या: नाव, पाडा, वारसाचा फोन, पगार, उचल. खलाशी बदलला तर धक्क्यावरूनच मोबाईलवर नाव बदलता यावं. सुटसुटीत करताना हेच पान आधी गळेल अशी भीती वाटते, कारण त्यासाठी भांडायला बैठकीत खलाशी नसतो. तो समुद्रावर असतो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. जुलैच्या शेवटी मुकादम उचल वाटायला पाड्यावर येतो. त्या आठवड्यात आम्ही चार-पाच मुलं घरोघर जाऊन कोण कोणत्या बोटीवर चाललाय ते वहीत लिहितो, मुकादमाची सही घेतो. तो कुरकुरतो, पण करतो. यंदा माणसं कमी पडतायत. यायचं असेल तर डहाणू रोडला उतरा, मी घ्यायला येते.