बनावट वंशावळ आणि अस्सल इतिहास

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित सारांश)



‘खरा इतिहास दडपला गेला आहे’ असे कोणी म्हणताच आपण कान टवकारतो. इतिहास अनेकदा दडपला गेला आहे, यात शंका नाही. परंतु याच वाक्याच्या आडून खोटा इतिहासही सहज खपवला जातो. फ्रान्समधील एक उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

मध्ययुगाच्या आरंभी फ्रँक लोकांवर मेरोव्हिंजियन घराण्याचे राज्य होते. त्या घराण्यातील दुसरा दागोबेर हा राजा ६७९ मध्ये मारला गेला आणि ७५१ मध्ये घराण्याची सत्ताच संपुष्टात आली. विसाव्या शतकात पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थाने दावा केला की, दागोबेरचा एक पुत्र बचावला, त्याचा वंश गुप्तपणे चालत राहिला आणि आपण त्याचेच वारस आहोत! ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ मध्ये जेरुसलेम येथे स्थापन झालेली गुप्त संघटना म्हणे या वंशाचे रक्षण करीत होती. लिओनार्दो दा विंची आणि न्यूटन हे तिचे प्रमुख होते, असेही सांगण्यात आले.

वस्तुस्थिती निराळी होती. प्लांतारचे वडील बटलर होते. या नावाची संघटना त्याने व त्याच्या मित्रांनी १९५६ मध्ये फ्रान्समध्ये नोंदवली होती आणि तिचे मुखपत्र स्वस्त घरांच्या प्रश्नावर लिहीत असे!

मग जाणती माणसे फसली कशी? बनावट वंशावळी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्यात आल्या. त्यांतील ‘दोसिए सेक्रे’ हे बाड १९६७ मधील. पुढे अभ्यासकांना ते तेथे ‘सापडले’. ग्रंथालयाचा शिक्का हाच त्यांना पुरावा वाटला. रेन-ल-शातो या गावच्या सोनिएर नामक धर्मगुरूला मिळालेल्या पैशांची लोककथाही त्याला जोडली गेली. त्याला सापडलेली म्हणून दाखवलेली चर्मपत्रे वास्तविक प्लांतारचा मित्र फिलिप द शेरिसे याने तयार केली होती.

१९८२ मध्ये ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ या पुस्तकाने हा वंश थेट येशू ख्रिस्तापर्यंत नेला. १९९३ मध्ये प्लांतारने न्यायाधीशांसमोर सारे कपोलकल्पित असल्याचे मान्य केले. तरीही २००३ मधील ‘द दा विंची कोड’ या कादंबरीच्या आरंभी ही संघटना सत्य म्हणूनच नोंदवली गेली. कादंबरी कोट्यवधींच्या हाती गेली. कबुलीजबाब मात्र थोड्यांनीच वाचला.

ही केवळ करमणुकीची गोष्ट नाही. ज्यूंच्या जागतिक कटाचे तथाकथित ‘प्रोटोकॉल्स’ बनावट असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्येच दाखवून दिले होते. तरीही नाझींनी त्यांचा प्रचार केला आणि पुढे लाखो निरपराध ज्यूंची हत्या झाली. खोटी वंशावळ एखाद्याला खोटा मान देते; खोटा कट संपूर्ण समाजाच्या माथी खोटा गुन्हा मारतो.

आपल्याकडेही वतनांच्या तंट्यांत बनावट सनदा पुढे येत. म्हणूनच अक्षरवळण, शिक्का, तिथी आणि भाषा तपासून अस्सल व नक्कल वेगळी करणे, हे इतिहाससंशोधनात महत्त्वाचे ठरते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून मूळ कागद जमवले, ते ऐकीव कथांवर विसंबून राहायचे नव्हते म्हणून.

तेव्हा कागद काय सांगतो, हे पाहण्यापूर्वी तो आला कोठून, हे विचारा. तो आपल्या मनाजोगते सांगत असेल, तर दोनदा विचारा. खऱ्या इतिहासाला अशा प्रश्नांचे भय नसते.