गळक्या पंपाचं भोक

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनच्या उन्हाळी व्याख्यानमालेत संतचरित्र, शिवकाल, सोयाबीनवरची कीड आणि मधुमेह हे विषय ठरलेले. त्यात एका संध्याकाळी फलकावर ‘जुन्या मोटारीचा गळका पेट्रोल पंप’ असं वाचून काहींचा समज झाला, की रिसोड रस्त्यावरच्या कुठल्या तरी पंपाची भानगड आज बाहेर पडणार. त्या आशेनं आलेले श्रोते पहिल्या पाच मिनिटांत निराश झाले. पण सतरंजीवरून उठून गेलं कुणीच नाही.

वक्ते आयटीआयमधून निवृत्त झालेले, मोटार मेकॅनिक शिकवणारे शिल्प निदेशक. हार गळ्यातून काढून त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि अध्यक्षांच्या पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. प्रीमियर पद्मिनीचा पंप. मुठीत मावेल असा, दोन वाट्या एकमेकींवर पालथ्या घालून स्क्रूंनी आवळलेला, बाजूला इंजिनात शिरणारी लोखंडी दांडी. नमस्कार-चमत्कार आटोपता घेत त्यांनी तो उलटा धरला आणि म्हणाले, “आधी हे भोक बघा.” खालच्या वाटीला, काडेपेटीची काडी जेमतेम जाईल एवढं भोक होतं. पुढचा दीड तास त्या भोकाचाच होता.

इतिहास त्यांनी भरभर उरकला. सोलापूरच्या जैन घराण्यातले शेठ वालचंद हिराचंद, त्यांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ल्याचा कारखाना, आधी क्रायसलरच्या डॉज-प्लिमथ आणि मग फियाटशी करार. “अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या गावात वालचंदशेठ कोण हे मी सांगावं का?” असं म्हणून त्यांनी ते सांगितलंच नाही. ‘डुक्कर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या फियाटचा उल्लेख झाला तेव्हा मागच्या रांगांत हशा पिकला. ती गाडी पाहिलेले लोक अजून गावात आहेत. पुढची फियाट ११०० १९७४ पासून पद्मिनी म्हणून विकली गेली, १०८९ सीसीचं तेच इंजिन घेऊन नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. “टॅक्सी गेली, पण खासगी पद्मिन्या गोठ्यात, पोर्चमध्ये, ताडपत्रीखाली उभ्या आहेत. त्यांचे पंप गळताहेत. म्हणून मी आलो.”

फोर-स्ट्रोक इंजिन, कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटरचा फ्लोट हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे, असं म्हणत त्यांनी पाठ्यपुस्तकातले तीन धडे एका हातवाऱ्यात संपवले. पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांनी माना डोलावल्या. त्यातल्या किती जणांना खरोखर ठाऊक होतं, हे विचारण्यात अर्थ नाही.

पंप मात्र त्यांनी फुरसतीनं उलगडला. कॅमशाफ्टवरचा उंचवटा दांडी ढकलतो, दांडी रबरी पडदा खाली ओढते, टाकीतून पेट्रोल खेचलं जातं. दांडी सुटली की पडद्याखालची स्प्रिंग पडदा वर लोटते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. म्हणजे दाब इंजिन देत नाही, स्प्रिंग देते; साधारण दोन ते चार पौंड. कार्ब्युरेटर भरला की त्याची सुई बंद होते, पडदा खालीच थांबतो आणि दांडी नुसतीच हलत राहते. ना तार, ना फ्यूज, ना सेन्सर. गॅरेजमध्ये याला एसी पंप म्हणतात, तो अल्बर्ट चॅम्पियन या फ्रेंच सायकलपटूनं अमेरिकेत काढलेल्या कंपनीच्या आद्याक्षरांवरून. त्याआधी टाकी उंचावर ठेवून पेट्रोल आपसूक खाली येऊ द्यायचे. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पेट्रोल कमी असलं की चढावर ते इंजिनापर्यंत पोचायचंच नाही, मग लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये घाट चढायचे. यावर एक आजोबा उद्गारले, “बाप्पा! मंग उतरताना?” वक्त्यांनी हा प्रश्न राखून ठेवला, तो शेवटपर्यंत राखलेलाच राहिला.

आता भोक. पडदा जुना झाला, चिरला, की पेट्रोल खालच्या वाटीत उतरतं. तिथून त्याला दोन वाटा: एक त्या भोकातून जमिनीवर, दुसरी दांडीच्या कडेनं थेट इंजिनाच्या तेलात. पंप बनवणाऱ्यानं पहिली वाट मुद्दाम ठेवली आहे. थेंब पडतो, वास येतो, मालक बॉनेट उघडतो. “आणि आपला माणूस काय करतो?” त्यांनी थांबून विचारलं. “एम-सील लावतो! कुकरच्या शिट्टीला कुणी एम-सील लावतं का?” सभागृहातल्या बायका सगळ्यात मोठ्यानं हसल्या.

इथून गोष्ट सुरू झाली आणि आटोक्याबाहेर गेली. ती एका लग्नाच्या फियाटची होती. मे महिना, भर दुपार, अकोल्याहून मालेगावकडे निघालेलं वऱ्हाड आणि पातूरचा घाट. गाडी चढावर आचके देऊन बंद पडली. उन्हानं आणि इंजिनाच्या झळीनं पेट्रोलची पंपातच वाफ झाली होती. वाफ दाबली जाते, पुढे सरकत नाही. यावरचा उपाय त्या काळच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होता: पंपावर ओलं फडकं. गाडीत फडकं नव्हतं, म्हणून नवरदेवाचा दुपट्टा माठातल्या पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळला गेला. मग दुपट्ट्याच्या रंगाचं वर्णन झालं, वरमायचा संताप झाला, गुरुजींचा घड्याळाकडे बघण्याचा अभिनय झाला. अध्यक्षांनी पहिली चिठ्ठी सरकवली ती इथे.

चिठ्ठी वाचून वक्ते जरा दुखावले. “हे विषयांतर नाही. पंप गळतोय हे त्या दुपट्ट्यामुळेच दिसलं,” असं सांगून ते पुढे निघाले. फडकं काढताना कुणाच्या तरी लक्षात आलं की खालून पेट्रोल ठिबकतंय. वाटेतल्या एका मेकॅनिकनं भोक बुजवून दिलं. ठिबकणं थांबलं, लग्न लागलं, मालक खूश. पुढे तो डिपस्टिक काढून लोकांना दाखवू लागला: इतरांच्या गाड्या तेल पितात, माझ्या गाडीत तेल आपोआप वाढतं! सभागृह हसत असतानाच वक्त्यांनी आवाज खाली आणला. वाढत होतं ते तेल नव्हतं, पेट्रोल होतं. तेल पातळ होत गेलं, बेरिंगांना त्याची साय उरली नाही आणि एके दिवशी इंजिन आतून खटखटू लागलं. कनेक्टिंग रॉडची बेरिंगं गेली, क्रँकशाफ्ट घासली, इंजिन उतरवावं लागलं. पडद्याच्या किटनं भागणारं काम होतं.

त्यांचं म्हणणं एवढंच, आणि ते त्यांनी चार तऱ्हांनी सांगितलं: बिघाड लपवणारी दुरुस्ती ही दुरुस्तीच नव्हे. एक शेतकरी उठून म्हणाला, “सर, आमच्याकडं फियाट नाही, ट्रॅक्टर हाये.” वक्त्यांना हेच हवं होतं. कित्येक ट्रॅक्टरांच्या डिझेल इंजिनांवरही असाच पडद्याचा फीड पंप असतो, हातानं हलवायच्या दांडीसह. तोही फाटला की डिझेल तेलात उतरतं. “डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं की आनंदू नका,” हे वाक्य बऱ्याच जणांनी एकमेकांकडे बघत ऐकलं.

इथेनॉलचा विषय निघाला आणि हवा बदलली. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे आणून २०२५ चं केलं गेलं. आता पंपावर तेच पेट्रोल मिळतं. जुन्या मिश्रणाचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं किंवा ताठ होऊन चिरतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीत गंज धरतो. त्यावर एक तरुण ताडकन उभा राहिला: इथेनॉलनं शेतकऱ्याचं भलं होतंय, तुम्ही त्याच्या विरोधात का? दुसऱ्यानं त्यालाच अडवलं: मक्याच्या इथेनॉलमधून निघणाऱ्या पेंडीनं सोयाबीनच्या ढेपेचा भाव पाडला, ते भलं कोणाचं? वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या भावाला हात लागला की सभा संपायला वेळ लागत नाही. वक्त्यांनी दोन्ही हात वर केले. “मी उसाच्या, मक्याच्या, कुणाच्याच विरोधात नाही. मी रबराबद्दल बोलतोय. व्हायटनचा पडदा टाका, त्याला इथेनॉल काही करत नाही. पेट्रोलच्या नळ्याही तशाच घ्या.” अध्यक्षांनी दुसरी चिठ्ठी दिली.

तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टरवर दोन दिवे लागले, माईक मेला. ज्यासाठी संध्याकाळ जाहीर झाली होती, ती पंप बदलण्याची कृती त्यामुळे उरल्या वेळात, ओरडून सांगितली गेली. खरं तर ती निवांत ऐकण्याजोगी होती.

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची अर्थची तार आधी सोडायची. बिडी, अगरबत्ती, देवघरातला दिवा जवळपास नको. टाकीकडून येणारी नळी काढली की तिच्या तोंडात बोल्ट खुपसायचा, नाही तर टाकी भरलेली असल्यास पेट्रोल वाहत राहतं. कार्ब्युरेटरकडच्या नळीचा नट दोन पान्ह्यांनी सोडायचा, एकानं धरून, दुसऱ्यानं फिरवून. नाही तर नळी पिळते. मग पंपाचे नट आळीपाळीनं ढिले करायचे. जुनं पॅकिंग खरवडताना तुकडे आत पडू नयेत म्हणून इंजिनाच्या भोकात फडकं कोंबायचं आणि ते काढायला विसरायचं नाही. काही इंजिनांत पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पॅकिंगच्या जाडीवर दांडीची चाल ठरते, म्हणून पुठ्ठा कापून काम भागवू नये. नवा पंप हातानं दाबून बसत नसेल तर तो नटांनी ओढायचा नाही. कॅमचा उंचवटा समोर आलेला असतो. गाडी गिअरमध्ये टाकून थोडी ढकलायची, उंचवटा सरकतो, पंप बसतो.

फक्त पडदा बदलायचा असेल तर वाट्या सोडण्याआधी दोन्हींवर कानशीनं एक उभी रेघ मारायची, म्हणजे जोडताना नळ्यांची तोंडं चुकत नाहीत. स्क्रू शेवटचे आवळताना दांडी पूर्ण दाबून धरायची. तसं केलं नाही तर पडदा ताणलेला राहतो आणि लवकर फाटतो. हे सांगताना त्यांनी टेबलावरच्या पंपाची दांडी अंगठ्यानं दाबली. आतून ‘पुच्’ असा आवाज आला, तो विजेविना शांत झालेल्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

प्रश्नांना वेळ नव्हता, तरी दोन झाले. एका ताईंनी विचारलं, गाडी पोर्चमध्ये असते, घरात वास येतो, चालेल का? मुळीच नाही, वक्ते म्हणाले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि घरातल्या शेगडीपर्यंत पोचू शकते. पंप दुरुस्त होईपर्यंत गाडी उघड्यावर ठेवा. दुसरा प्रश्न गावातल्या एका पार्टवाल्याचा: एवढ्या उठाठेवीपेक्षा इलेक्ट्रिक पंप का नको? या प्रश्नावर वक्ते निम्म्या वेळी चिडतात असं संयोजकांनी आधीच सांगितलं होतं. या वेळी ते चिडले नाहीत. इलेक्ट्रिक पंप दाब जास्त देतो, कार्ब्युरेटरची सुई तो पेलत नाही आणि पेट्रोल वाहू लागतं. अपघातात इंजिन बंद पडलं तरी वेगळा कटऑफ नसेल तर तो पेट्रोल फेकतच राहतो. यांत्रिक पंप इंजिनाबरोबर थांबतो. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवायचं तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ती मूळ रूपात लागते. १९७४-७५ च्या पद्मिन्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत. पंपाच्या बदलाला कोणी हरकत घेईल की नाही ते सोडा, पण मूळ पंप टिकवायला त्यांच्या मते तेवढं कारण पुरे.

इलेक्ट्रिक पंपाच्या बाबतीत त्यांनी जरा एकतर्फी वकिली केली. दाबाचा रेग्युलेटर आणि कटऑफ लावून तो सुरक्षित चालवणारे हौशी लोक आहेत आणि मेच्या उन्हात त्यांना ओलं फडकं लागत नाही. पण भोकाबद्दल ते शंभर टक्के बरोबर होते.

आभार मानायला उभे राहिलेले गृहस्थ बोलत असतानाच वक्त्यांनी शेवटची सूचना हात उंचावून दिली, ती इथे नोंदवणं आवश्यक आहे. पंप बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनं नट पुन्हा कसून बघावेत, कारण नवं पॅकिंग दबतं. आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी अजिबात सुरू करू नये: आधी तेल आणि तेलाचा फिल्टर बदलावा, पंप बसवावा, आणि मगच चावी फिरवावी.