जे नाही, ते मोजा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



वर्गात कुणी उठवल्याशिवाय मी बोलायचे नाही, हे तुम्हाला आठवत असेलच. आजही थोडंच बोलते.

आठवीत आपली सहल पारोळ्याच्या किल्ल्यात गेली होती. एसटीचा प्रवास, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सरांनी वाटेतच सांगितलं होतं, की हा भुईकोट १७२७ साली हरी सदाशिव दामोदर यांनी बांधल्याचं सांगतात, झाशीच्या राणीच्या सासरच्या नेवाळकरांचं नातं या गावाशी आहे आणि सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांनी किल्ला ताब्यात घेतला. आपण मोठ्या आशेने आत शिरलो. पाहतो तर पडक्या भिंती आणि गुडघाभर गवत. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, आठे ते काईच नै शे!" कोण ओरडलं ते मला माहीत आहे, तो आज समोरच बसला आहे.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "जे नाही, ते मोजा." मग आपण पावलं टाकत पडक्या खोल्या मोजल्या आणि वहीत चौकोन काढले. कुठली खोली किती पावलांची, यावरून परतीच्या गाडीत भांडणंसुद्धा झाली.

पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली. बावीस वर्षं शनिवारवाड्यावरून ये-जा केली, पण आत कधी पाऊल टाकलं नाही. मागच्या हिवाळ्यात लेक म्हणाली म्हणून गेलो. खिळ्यांचा दिल्ली दरवाजा ओलांडला आणि तिने विचारलं, "आई, इथे तर नुसती बाग आहे. वाडा कुठंय?"

प्रश्न तोच होता, फक्त अहिराणीत नव्हता.

मी तिला सांगितलं, की पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार. १८२८च्या फेब्रुवारीत आग लागली आणि आतले लाकडी महाल गेले. तट, बुरूज आणि पाच दरवाजे तेवढे उरले. १९१९ साली वाडा संरक्षित स्मारक ठरला, पुढे उत्खनन झालं आणि मातीखालची जोती उघडी पडली. आता त्या जोत्यांच्या मधे हिरवळ आहे. एका जोत्यावर एक आजी शेंगा सोलत बसल्या होत्या आणि त्यांचा नातू गवतात लोळत होता.

लेकीला म्हटलं, "मोज." ती पावलं टाकू लागली. हजारी कारंज्याच्या सोळा पाकळ्या मोजल्या, मग जोत्यामागून जोतं. तासाभराने तीच मला सांगत होती, की इथून चौकात उतरायचे, इथे भिंत असणार. मी मात्र बाजूला उभी राहून भलताच विचार करत होते.

दादा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. भडगावचं आमचं धाब्याचं घर तेव्हापासून बंद. पावसाळ्यात मागची भिंत खचली. भाऊ नाशिकला, मी पुण्यात, राहणार कोण? घेणारा मिळाला, पण तो जागेसाठी घेत होता, घर पाडणारच. भावाने कागद पाठवले होते आणि सहा महिने मी सही टाळत होते. आज कामं आहेत, उद्या करते. भाऊ बिचारा काही बोलत नव्हता.

मे महिन्याच्या सुट्टीत लेकीला आणि टेप घेऊन आम्ही भडगावला आलो. भाऊही आला. ओटा, माजघर, देवघराचा कोनाडा, सगळं मोजलं. चौकटीवर दादांनी आमच्या उंचीच्या रेघा मारल्या होत्या, त्याही कागदावर उतरवल्या. आईचं जातं कुठल्या कोपऱ्यात होतं, यावरून आम्ही दोघं पन्नाशीकडे झुकलेली भावंडं लहान मुलांसारखी भांडलो. शेवटी जमिनीवरचा गुळगुळीत खळगा सापडला आणि तो जिंकला.

दुसऱ्या दिवशी मी सही केली. सही करताना रडले, खोटं कशाला सांगू? पण सहा महिने जी भीती वाटत होती, ती राहिली नव्हती. घर गेलं. आता तिथे नवीन पाया भरलाय, काल येताना पाहिला. नकाशा माझ्याकडे आहे, एक प्रत भावाकडे आहे, आणि लेकीला तिच्या आजोबांचं घर डोळे मिटून फिरता येतं.

सर, तुम्ही त्या दिवशी पोरांना शांत करायला ते वाक्य बोलला असाल. मला ते तीस वर्षांनी उपयोगी पडलं, म्हणून आज सांगितलं.

आता एकच विनंती. उद्या सकाळी परतण्याआधी ज्यांना जमेल त्यांनी पारोळ्याला चला. सरांसाठी गाडीत पुढची जागा राखली आहे. दशम्या मी आणते. आणि ज्याला तिथे काहीच दिसलं नव्हतं, त्याने वही आणावी.